वळणावरची एकटी काठी

१

शनिवारी सकाळी साडेनऊला ल्युबोश ह्राबचाकला बर्फाखालून काढलं, तेव्हा त्याचं घड्याळ चालू होतं. तो मात्र गेलेला होता. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, शाळेत भूगोल शिकवायचा. धाकटी बहीण ब्लाझेना त्याच्या मागे वीसेक पावलांवर होती, म्हणून वाचली.

रविवारी सकाळी ओतीलिया वाव्हेर्चाकोवा स्कीवरून चढत सिवा निवाऱ्यावर पोचली, तोवर गुन्हेगार ठरूनही गेला होता. एकतीस वर्षं ती तात्रा पर्वतातला बर्फ खणून, चाळून, भिंगाखाली धरून वाचत आली होती. बर्फ कोसळून माणूस गेला की तिला बोलावणं यायचं. ती यायच्या आधीच निकाल लागलेला असणं हेही तिला नवं नव्हतं.

"बाई, तुम्ही उगाच दमलात," फौजदार वेंडेलिन होरेच्नी म्हणाला. हा गडी सपाटीवरचा. नाक उन्हानं सोलून निघालं होतं आणि वर येताना दोनदा पडल्याचं कुणाला कळू नये म्हणून तो फार ताठ उभा होता. "प्रकरण सरळ आहे."

प्रकरण असं होतं. निवाऱ्याखाली तीनशे पावलांवर वाटेचं वळण आहे. तिथून उतरायला दोन वाटा फुटतात. डावी घळीच्या पोटातून जाते, अर्ध्या तासात खाली. उजवी धारेवरून जाते, दीड तास खाते, पण तिच्यावर बर्फ कोसळत नाही. डाव्या वाटेच्या तोंडाशी खुणेची काठी बारा महिने उभी असते. एकच काठी दिसली तर वाट खुली. तिच्यावर दुसरी तिरपी घालून फुली केलेली दिसली तर बंद. ही दुसरी काठी तिथेच खडकाच्या कपारीत ठेवलेली असते, आणि वादळाआधी शेवटचा जो कुणी वर येईल त्यानं बर्फ बघून ती घालायची किंवा नाही घालायची, हा शिरस्ता. मग निवाऱ्यात कुणी कुणाला विचारत नाही. काठ्या सांगतील ते खरं.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा वर आला तो निवाऱ्याचा हमाल सिप्रिआन बेकेश. पाठीवरच्या लाकडी चौकटीत सत्तर किलो पीठ, बटाटे आणि गॅसची टाकी. शनिवारी अपघातानंतर तो म्हणाला होता की डावी वाट मी बंद केली होती.

"आणि बंद करायची काठी?" ओतीलियानं विचारलं.

"कपारीतच. वर हातभर बर्फ, कुणाचं बोट लागलेलं नाही. मी स्वतः उकरून काढली आणि ताब्यात घेतली." फौजदारानं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. पुराव्याची चिठ्ठी बांधलेली ती काठी तिथे ओशाळल्यासारखी उभी होती. "मग तो कबूल झाला. म्हणतो, लिहा, मी विसरलो."

कबूल झालेला सत्तावीस वर्षांचा सिप्रिआन बाकावर बसला होता. ज्याला ती पाळण्यापासून ओळखत होती, त्यानं तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

२

ब्लाझेना वरच्या खोलीत होती. भावाला हेलिकॉप्टरनं नेलं तेव्हा तिनं जायला नकार दिला होता. फौजदाराचा तिच्यावरही थोडा संशय होता. शहरातली माणसं फुली बघूनही पुढे जातात आणि मग म्हणतात, आम्हाला दिसली नाही.

ओतीलिया तिच्याशेजारी पलंगावर बसली. मग ब्लाझेनाच बोलू लागली. निवाऱ्याच्या मालकिणीनं सांगितलं होतं की वळणावर काठ्या बघा. त्यांनी बघितल्या. ल्युबोश कुरकुरत होता, धारेवरून जाऊ या का म्हणून. घाई तिलाच झाली होती.

"मीच म्हणाले, एकच काठी आहे, चल डावीकडे. आता सगळे विचारतायत, नक्की एकच होती का? काल दुपारपर्यंत मला खात्री होती. आता डोळे मिटले की कधी एक दिसते, कधी दोन."

"नंतर?"

"पायाखाली धप्प असा आवाज झाला. मोठा नव्हता. कुणीतरी खोल, आतल्या खोलीत, पोतं खाली ठेवावं तसा. मग वरून एक रेघ सरसर धावत गेली, आणि ल्युबोशनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं."

तो आवाज ओतीलियानं आयुष्यात चारदा ऐकला होता. जानेवारीत दहा रात्री आभाळ निरभ्र होतं. त्या रात्रींत बर्फाच्या अंगावर दवाचे पंखे उगवले होते, नखाएवढे, भिंगाखाली धरले तर देवळातल्या रंगीत काचा झक मारतील असे. त्यांच्यावर नवा बर्फ पडला आणि ते पंखे जसेच्या तसे उभे गाडले गेले. वरचा सगळा थर त्या नाजूक पंख्यांवर तोलून राहतो आणि एका माणसाच्या पावलानं सगळे एकदम मोडतात. इतकं सुंदर काहीतरी माणसं मारतं याचा तिला एकतीस वर्षांत सराव झाला नव्हता.

तिच्या मते पोरगी खरं बोलत होती. पण ब्लाझेना खरी, तर सिप्रिआन खोटा. आणि सिप्रिआनही खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

३

खाली स्वयंपाकघरात कोबीचं आंबट सूप रटरटत होतं. मालकीण कोर्नेलिया फौजदारावर उखडली होती. गुन्हा एवढाच की त्यानं सिप्रिआनची चालताना टेकायची काठी घेऊन छपराला लोंबणारे बर्फाचे सुळके पाडले आणि काठी दाराबाहेरच टेकवून तो आत आला. कोर्नेलियानं ती आत आणली, पुसली आणि चुलीमागच्या तिच्या कोपऱ्यात ठेवली.

"हमाल छपराखाली आणि काठी उघड्यावर? तुमच्याकडे चालत असेल. काठी बाहेर दिसली की डोंगराला वाटतं माणूस अजून बाहेरच आहे. मग हाका मारत बसतो."

"डोंगर?" फौजदार हसला.

"हसा. हाका तुम्हाला नाही ना यायच्या."

चुलीपाशी म्हातारा वालेंट बेकेश, सिप्रिआनचा बाप, बटाटे सोलत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्यानं चाळीस वर्षं या निवाऱ्यावर ओझी चढवली. त्यात कान गेले, गुडघे गेले. डोळे मात्र अजून घारीचे. पायात गावाकडचे नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या पांढऱ्या लोकरीचे बूट, तळही लोकरीचाच, बायकोनं मरायच्या आदल्या हिवाळ्यात शिवलेले. ओतीलियाला बर्फावर पाऊल कसं टाकायचं ते यानंच शिकवलं होतं. तिला बघून तो तोंडभर हसला आणि सोललेला बटाटा फुलासारखा पुढे केला. कोण मेलं ते त्याला कळलं होतं. काठ्यांवरून चाललेला घोळ त्याच्या कानांपर्यंत पोचलाच नव्हता. त्याला कुणी काही विचारलंही नव्हतं. चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला कोण विचारतो.

ओतीलियानं सिप्रिआनला लाकडांच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"फौजदाराला सांगितलंस ते सोड. मला सांग."

त्यानं हाताच्या घट्ट्यांकडे पाहिलं. मग सांगितलं. वळणावर आला तेव्हा वारा सुटायला लागला होता. बंद करायच्या काठीवर बर्फाचा ढीग साचला होता. उकरायचं तर ओझं उतरवायला हवं, आणि त्या वाऱ्यात एकदा उतरवलेलं सत्तर किलो एकट्याला परत पाठीवर घेता आलं नसतं. म्हणून त्यानं स्वतःची काठी घातली.

"हमालाची काठी? रात्रभर बाहेर?"

"म्हणून तर बोललो नाही. बाबांना कळलं असतं तर जेवले नसते. म्हटलं, सकाळी उठल्याबरोबर जाऊन कपारीतली काठी काढीन, माझी परत आणीन. वर आलो तो आडवा झालो, मावशी. जाग आली ती आरडाओरड्यानं. काठी घ्यायला कोपऱ्यात हात घातला, आणि काठी तिथेच होती. आपल्या जागी. मग मी वळणावर उभं काय केलं? दमलेला माणूस चालता चालता स्वप्न बघतो, तुम्हीच सांगितलं होतं. तो माणूस माझ्या स्वप्नापायी मेला."

४

आभाळ स्वच्छ निळं होतं, वारा शनिवारपासून पडलेलाच. ओतीलियानं चुलीमागची सिप्रिआनची काठी उचलली, फौजदाराला बरोबर घेतलं आणि निघाली. वाटेवरून न जाता कडेकडेनं, स्कीवर. कालची धावपळ वाटेवर झाली होती. कडेचा बर्फ अस्पर्श होता.

वळणाच्या अलीकडे ती थांबली.

"पाऊल टाकू नका. बघा."

फौजदारानं पाहिलं आणि टोपी काढली. का काढली ते त्यालाही सांगता आलं नसतं. सपाट बर्फावर पावलं उभी होती. रुतलेली नव्हती, वर आलेली होती. वीतभर उंच, माणसाच्या बुटाच्या आकाराचे पांढरे चौथरे, एकामागोमाग एक, वळणापासून निवाऱ्याकडे निघालेले. जणू कुणीतरी खालून, जमिनीच्या आतून चालत गेलं होतं.

"हे काय आहे?" तो कुजबुजला.

"सिप्रिआन. शुक्रवार संध्याकाळ." तीही हळूच बोलली. अशा जागी मोठ्यानं बोलवत नाही. "पाऊल पडलं तिथला बर्फ दबून घट्ट झाला. रात्री वाऱ्यानं आजूबाजूचा भुसभुशीत बर्फ उचलून नेला, घट्ट तेवढा राहिला. ओझं जितकं जड तितकं पाऊल उंच. सत्तर किलो आहेत ते."

चौथऱ्यांची ओळ उलटी मागे धरत गेलं तर ती खुणेच्या काठीपाशी पोचत होती. तिथे बर्फ गोल दबला होता. माणूस ओझ्यासकट बराच वेळ जागीच उभा राहिला होता. त्याच्यापलीकडे खुणेची काठी. रात्रीच्या धुक्यानं तिच्या वाऱ्याकडच्या अंगाला बर्फाचे तुरे फुटले होते, पिसासारखे, हातभर लांब, वाऱ्याच्या तोंडाकडे रोखलेले. कोवळ्या उन्हात ते आतून पेटल्यासारखे दिसत होते. फौजदार तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

"आता छातीच्या उंचीला बघा. तुरे नाहीत कुठे?"

काठीवर चार बोटं रुंद तिरपा पट्टा कोरा होता. वर-खाली तुरेच तुरे, मध्ये नुसतं लाकूड. पट्ट्याची तिरपी रेघ नजरेनं खाली नेली तर बर्फात एक अरुंद, कललेलं भोक होतं.

ओतीलियानं सिप्रिआनची काठी हलकेच भोकात सोडली. काठी आपणहून कलली आणि खुणेच्या काठीवर जाऊन टेकली, नेमकी त्या कोऱ्या पट्ट्यात. दोघांसमोर फुली उभी राहिली.

"म्हणजे त्यानं बंद केली होती," फौजदार सावकाश म्हणाला.

"आणि रात्रभर बंद होती. तुरे फुटत होते तोवर ही काठी इथे होती, म्हणून तेवढी जागा कोरी राहिली. पहाटे वारा पडल्यावर कुणीतरी ती काढून नेली. उरली एक. एक म्हणजे खुली. बहीण खरं सांगतेय, हमालही खरं सांगतोय."

"मग काढली कुणी?"

ती वाकली. काठीच्या दुसऱ्या अंगाला आणखी पावलं होती. ही मात्र रुतलेली, वाऱ्यानं कडक झालेल्या सालीवर नंतर पडलेली. निवाऱ्याकडून आलेली आणि निवाऱ्याकडे परत गेलेली. अंतर आखूड, डावा पाय थोडा ओढलेला. परतताना प्रत्येक पावलाशेजारी काठीच्या टोकाचं टोचण.

"तळाला नक्षी नाही," फौजदार म्हणाला. एव्हाना त्याला वाचायची गोडी लागली होती. "आपल्या सगळ्यांच्या बुटांना रबरी दाते आहेत. हा सपाट तळ कुणाचा?"

ओतीलियाला ते भोक दिसल्यापासूनच कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला एकतीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

५

सिप्रिआन दारातच उभा होता. तिच्या हातातली काठी आणि तिचा चेहरा बघून त्यालाही उलगडलं. इतका वेळ त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण बाप पहाटे बाहेर जाईल असं कुणाच्याच डोक्यात येण्यासारखं नव्हतं.

त्यानं तिचा दंड धरला. "मावशी, लिहिलंय तसंच राहू द्या. मी विसरलो. मला परत वर येऊ देणार नाहीत, खटला होईल, होऊ दे. मी जगेन. ते नाही जगायचे."

"आणि ती?" ओतीलियानं जिन्याकडे बघितलं. "ती जन्मभर डोळे मिटून काठ्या मोजत बसणार. तिनं बरोबर पाहिलं होतं, एवढं तरी तिचं तिला मिळायला नको?"

त्यानं दंड सोडला, पण होकार दिला नाही.

ब्लाझेना आवाज ऐकून खाली आली होती. कोर्नेलिया कढईशी होती. ओतीलियानं म्हाताऱ्याला बाजूला घेऊन, हात धरून विचारलं असतं, पण बहिऱ्या माणसाला हळू विचारता येत नाही. ती त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि ओरडली, "वालेंटकाका, काल पहाटे सिप्रिआनची काठी आत कुणी आणली?"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला कुणीतरी त्याच्या उपयोगाचं काहीतरी विचारत होतं.

"मी. दुसरं कोण आणणार? वारा पडला म्हणून दार उघडलं, तर वळणावर पोराची काठी. घरात घोरतोय नि काठी बाहेर. म्हटलं, थकला असेल, खुणेला टेकवून विसरला असेल. बोललो नाही त्याला." त्यानं मुलाकडे डोळे मिचकावले. "बरफ कडक होता, गुडघ्यांनी साथ दिली. गेलो आणि आणली. माझं पोरगं आहे ते, पोरी. त्याला नाही मी बाहेर ठेवायचा."

फौजदारानं वही उघडली होती, ती मिटली.

म्हातारा हसत एकेकाकडे बघत गेला. कोर्नेलियानं तोंडावर पदर धरल्यासारखा एप्रन धरला होता. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग त्याची नजर ब्लाझेनावर आली आणि तिथेच थांबली. घारीच्या डोळ्यांना ऐकू यायची गरज नसते. त्याच्या हातातला बटाटा खाली पडून चुलीखाली गेला.

"फुली होती का ती?" त्यानं विचारलं.

६

ओतीलियानं होकारार्थी मान हलवली. वालेंट बेकेशनं आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते.

ब्लाझेना पुढे आली. कोर्नेलिया मध्ये पडायला निघाली, ओतीलियानं तिला अडवलं. ब्लाझेना त्याच्या कानाशी वाकली आणि ओरडली. संताप होता की रडू, ते पुढेही कुणाला नीट सांगता आलं नाही.

"माझ्या भावाची काठी अजून बाहेर आहे."

म्हातारा उठला. कोट घातला, टोपी घातली. सिप्रिआन आडवा आला, त्याला बाजूला सारलं.

घळ रिती झाली होती, तिच्यातून आता काही येणार नव्हतं. ओतीलियानं वर खड्डा खणून खात्री केली आणि मगच सगळ्यांना खाली सोडलं. कोसळलेला बर्फ एव्हाना दगड झाला होता. म्हातारा सिप्रिआनच्या काठीनं ठोकत, टोचत, पावलापावलानं सरकत होता. शेजारी सिप्रिआन, मग ब्लाझेना, आणि टोकाला फौजदार, न सांगता आलेला. वरती कडे इतके उंच आणि इतके शांत होते की खालची पाच माणसं कुणाच्या हिशेबातच नव्हती. ओतीलियाला त्या शांततेचा राग आला नाही. तिला नेहमीसारखंच वाटलं, आपण फार मोठ्या घरात, घरमालक झोपलेला असताना, चवड्यांवर चालतोय.

दीड तासानं काठी सापडली. ल्युबोशची निळी, स्कीची काठी, मधेच वाकलेली. म्हाताऱ्यानं ती नखांनी मोकळी केली, बाहीनं पुसली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून ब्लाझेनाला दिली. माफी मागितली नाही. मागायला शब्द कुठले. तिनं ती घेतली. परत चढताना एके ठिकाणी त्याचा गुडघा दुमडला, तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं त्याचा कोट मागून धरून ठेवला आणि वळणापर्यंत सोडला नाही.

वळणावर ओतीलिया थांबली. घळ रिती झाली तरी शेजारचा उतार अजून भरलेला होता, त्याच पंख्यांवर तोललेला. वाट बंद करायला हवी होती. फौजदार ओशाळला. बंद करायची काठी त्यानं चिठ्ठी बांधून पुराव्यात जमा केली होती. मी धावत आणतो, म्हणाला.

वालेंटनं त्याला हातानं थांबवलं. मुलाची काठी त्या कललेल्या भोकात रोवली, खुणेच्या काठीवर तिरपी टेकवली आणि हलते का ते बघितलं. मग तो निवाऱ्याकडे चालू लागला. मागे वळून पाहिलं नाही.

फौजदारानं खाली जाताना आपला पहिला कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात गुन्हेगार कुणी नव्हता. तो लिहायला त्याला फार वेळ लागला.

दुपारी ल्युबोशची वाकडी काठी चुलीमागच्या कोपऱ्यात, सिप्रिआनच्या काठीच्या जागी उभी होती. ब्लाझेना ती तिथे ठेवत असताना कोर्नेलियानं पाहिलं आणि एका शब्दानं हरकत घेतली नाही. म्हातारा मात्र चुलीपाशी बसला नाही. त्यानं बाक ओढून खिडकीशी नेला. मुलगा शेजारी बसून सूप पीत होता, हाताला लागेल इतका जवळ. वालेंट एक हात त्याच्या गुडघ्यावर ठेवून बाहेर वळणावरच्या फुलीकडे बघत बसला. थोड्या थोड्या वेळानं तो मुलाचं नाव घ्यायचा, आणि सिप्रिआन प्रत्येक वेळी, मोठ्यानं, इथेच आहे म्हणायचा.